पहिला हिमालयीन ट्रेक: आधी दिवस मोजा, मग डोंगर निवडा

आलेला प्रश्न थोडक्यात असा: "आम्ही बडोद्यातले पाच जण आहोत. मी 48 वर्षांची, यजमान 53, त्यांना रक्तदाबाची गोळी चालू आहे. मुलगी 17 ची, शिवाय दीर आणि जाऊ. कुणीच 2500 मीटरच्या वर कधी मुक्काम केलेला नाही. शाळा उघडायच्या आत, म्हणजे जूनच्या सुरुवातीला, हम्प्टा पास करावा असं मनात आहे. रजा नऊ दिवसांची. मनाली ते मनाली पाच दिवसांचा एक कार्यक्रम मिळाला आहे. गाइड, तंबू, जेवण सगळं त्यात आलं. पैसे भरण्याआधी काय बघायचं? आणि गाइड असताना आपण वेगळी तयारी ती काय करायची?"

ताई, पत्र वाचताना माझी नजर 'नऊ दिवस' या शब्दांपाशी अडकली. तिथूनच सुरुवात करू.

बडोद्याहून मनाली म्हणजे रात्रीच्या गाडीने दिल्ली किंवा अंबाला आणि तिथून पुढे रात्रभर बस. जायला दोन दिवस, यायला दोन दिवस. नवातून चार गेले, उरले पाच, आणि कार्यक्रमही पाचच दिवसांचा. मग दरड कोसळून रस्ता बंद झाला, पास ओलांडायच्या दिवशी ढग उतरले किंवा कुणाचं डोकं धरलं, तर त्यासाठी तुमच्याजवळ एक दुपारसुद्धा शिल्लक नाही. मी गेली वीस-बावीस वर्षं बडोद्यातल्या कुटुंबांना हिमालयात नेते आहे. त्या अनुभवावरून सांगते, हातात दिवस शिल्लक नसला की चांगली, समजूतदार माणसंही स्वतःच्या तब्येतीबद्दल खरं सांगेनाशी होतात. "काही नाही हो, जरा झोप झाली नाही" असं म्हणतात, कारण आपल्यामुळे बाकीच्यांचा ट्रेक बुडेल ही धास्ती असते. डोंगरात मी पाहिलेली बहुतेक आजारपणं अशा लपवण्यातूनच वाढली आहेत.

तुमचा दुसरा प्रश्न, गाइड असल्यावर आपण काय करायचं. गाइड वाट जाणतो, हवामान ओळखतो, ओढा कुठे ओलांडायचा ते त्याला कळतं. पण तुमच्या रक्ताला उंचीची सवय लागायला जो वेळ लागतो तो कमी करणं त्याच्या हातात नाही. बडोदा समुद्रसपाटीपासून जेमतेम चाळीस मीटरवर आहे. हम्प्टाची खिंड आहे सुमारे 4270 मीटरवर, आणि तिथे हवेचा दाब आपल्याकडच्या साठ टक्क्यांच्या आसपास असतो. हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण तेच राहतं, पण दाब कमी असल्याने प्रत्येक श्वासात तो कमी मिळतो. शरीर हळूहळू याच्याशी जुळवून घेतं: श्वास वाढतो, लघवी वाढते, रक्तात बदल होतात. हे सगळं व्हायला दिवस लागतात. तरुण, तालीम केलेलं शरीर असलं म्हणून ते लवकर होतं असं नाही. उलट तरुण माणूस भरभर चढतो आणि उंची अंगावर ओढवून घेतो.

म्हणून एक हिशेब पाठ करून ठेवा. 3000 मीटरच्या वर गेल्यावर झोपायची जागा रोज 500 मीटरपेक्षा जास्त वर नेऊ नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर राहावं. दिवसा कितीही वर जाऊन या, मोजायचं ते मुक्कामाच्या जागेचं. आता तुम्हाला मिळालेला कार्यक्रम या हिशेबावर घासून बघा. मनाली 2050 मीटर, पहिला मुक्काम चिका साधारण 3100, दुसरा बालू का घेरा 3600, मग खिंड ओलांडून शिया गोरू 3900 च्या आसपास. वरचे टप्पे नियमात बसतात. पण पहिलीच उडी बघा: रात्रभर बसमध्ये अवघडून, अर्धवट झोपेत मनालीला उतरायचं आणि त्याच किंवा दुसऱ्या दिवशी थेट 3100 वर झोपायचं. बऱ्याच जणांचं डोकं तिथेच धरतं, आणि दुसऱ्या दिवशी आणखी 500 मीटर चढायचेच असतात.

हम्प्टाचं आणखी एक आहे, जे माहितीपत्रकात सहसा नसतं. ही खिंड ओलांडायची वाट आहे. उंचीच्या आजारावरचा खरा इलाज म्हणजे खाली उतरणं. बालू का घेऱ्यापर्यंत कुणाला त्रास झाला तर मागे फिरलं की झालं, वाट सरळ उतरते. पण एकदा खिंड पार केली की संध्याकाळचा मुक्काम पुन्हा 3900 वरच, आणि मागे फिरायचं तर आधी खिंड चढायला हवी. पुढे छत्रूपर्यंत, म्हणजे पलीकडच्या गाडीरस्त्यापर्यंत, उतरायचं तर शिया गोरूजवळचा बर्फाच्या पाण्याचा ओढा आडवा येतो. तो पहाटे गुडघ्याएवढा असतो आणि दुपारी बर्फ वितळून फुगतो. म्हणून बालू का घेऱ्यावरची पहाट ही निर्णयाची शेवटची सोपी जागा. तिथे प्रत्येकाला समोर बसवून विचारलं पाहिजे, आणि 'नाही' म्हणणाऱ्याला मान खाली घालावी लागू नये.

हे मी इतकं आग्रहाने का सांगते, तेही सांगते. खूप वर्षांपूर्वी, गढवालमधल्या एका वाटेवर, मी एका दुसऱ्या आयोजकाबरोबर सहनेता म्हणून गेले होते. गटात एक सव्वीस वर्षांचा मुलगा होता, रोज व्यायामशाळेत जाणारा, सगळ्यांच्या पुढे चालणारा. तिसऱ्या संध्याकाळी त्याच्या ताटात डाळ-भात तसाच राहिला. मी विचारलं तर म्हणाला, "ताई, सकाळी नाश्ता जास्त झाला." मी मान डोलावली आणि पुढे गेले. त्या संध्याकाळी मी त्याच्याजवळ पाच मिनिटं बसले नाही, याची खंत मला आजही आहे. रात्री दोनच्या सुमाराला त्याच्या तंबूतून खोकला ऐकू आला. आत टॉर्च मारली तर तो उशाला सॅक लावून बसलेला, कारण आडवं झालं की श्वास पुरत नव्हता. छातीला कान लावला तेव्हा आतून बारीक चुरचुर ऐकू येत होती, ओल्या लाकडाला जाळ लागल्यावर येते तशी. फुप्फुसात पाणी भरायला लागलं होतं. आयोजक म्हणत होता, उजाडेपर्यंत थांबू. आमच्याबरोबरचा स्थानिक वाटाड्या, पन्नाशीचा माणूस, काहीच बोलला नाही. त्याने बुटांच्या नाड्या बांधल्या, मुलाचा हात आपल्या खांद्यावर घेतला आणि मला म्हणाला, "दीदी, लाइट पकड़ो." अडीच तासांत आम्ही सहाशे मीटर खाली आलो. खालच्या गावात पोचेपर्यंत मुलगा स्वतःच्या पायांवर चालत होता, आणि सकाळी त्याने चहाबरोबर दोन रोट्या खाल्ल्या. उंची कमी होणं हेच औषध असतं, ते मी त्या रात्री डोळ्यांनी पाहिलं.

त्या दिवसापासून मी ताटं बघते. जेवण टाकणारा, बोलणं बंद करणारा, तंबूत लवकर शिरून भिंतीकडे तोंड करणारा माणूस मला आधी दिसतो. डोकेदुखी आणि तिच्या जोडीला मळमळ, चक्कर किंवा नेहमीपेक्षा वेगळा थकवा असेल, तर तो उंचीचा त्रास आहे असंच धरायचं, दुसरं काही सिद्ध होईपर्यंत. तो सहसा वर पोचल्यावर सहा ते बारा तासांत सुरू होतो, म्हणून दुपारी ठणठणीत असलेला माणूस रात्री बिघडतो. अशा माणसाने त्या दिवशी वर जायचं नाही. विश्रांतीने उतरलं तर पुढे, वाढलं तर खाली. आणि दोन लक्षणं अशी आहेत की तिथे वाट बघायचीच नाही. बसल्या जागी धाप लागणं, हे एक. दुसरं म्हणजे तोल जाणं. जमिनीवर तंबूची दोरी सरळ टाकायची आणि टाचेला पायाची बोटं लावत तिच्यावरून दहा पावलं चालायला सांगायचं. नीट चालता येत नसेल, किंवा माणूस विचित्र बोलत असेल, तर मेंदूला सूज येत असू शकते. मग रात्र असो की पाऊस, लगेच खाली.

आता तुमच्या पाच जणांसाठी माझा सल्ला. हम्प्टा सोडू नका, पण पहिला करू नका. जूनच्या सुरुवातीला खिंडीवर भरपूर बर्फ असतं. बर्फावर कधी न चाललेल्या पाच जणांनी तिथून सुरुवात करावी असं मला वाटत नाही. पहिल्यांदा हर की दूनला जा. उत्तराखंडात, टोन्स नदीच्या खोऱ्यात, सांक्रीहून निघणारी वाट आहे. सांक्री 1950 मीटरच्या आसपास, हर की दून 3566. नदीकाठाने चढत जाणारी वाट, देवदारांची दाट सावली, मध्ये गंगाड आणि ओसला ही लाकडी घरांची गावं आणि शेवटी समोर 6252 मीटरचं स्वर्गारोहिणी. पांडव याच वाटेने गेले असं तिथले लोक सांगतात. मला ही वाट तुमच्यासाठी योग्य वाटते ती मात्र एका साध्या कारणाने: जाता त्याच वाटेने परत येता. कुठल्याही क्षणी मागे वळलात की पाऊल खालीच पडतं.

दिवस असे धरा. पहिल्या रात्री बडोद्याहून गाडी, दुसऱ्या दिवशी दिल्लीमार्गे डेहराडून. तिसरा पूर्ण दिवस मोरी-नेटवाडमार्गे सांक्रीच्या रस्त्यात जातो, आणि हा रस्ता वळणांचा आहे, उलटीची गोळी जवळ ठेवा. चौथ्या दिवशी कुठेही निघायचं नाही. सकाळी जंगलात दोन-तीन तास वर चढून जा, दुपारी सांक्रीत परत या. पाचव्या दिवशी तालुका नावाच्या गावापर्यंत जीप आणि पुढे चालत ओसलाच्या बाजूला, अडीच हजार मीटरच्या आसपास मुक्काम. सहाव्या दिवशी तीन हजारांच्या आसपासचा तंबू. सातव्या दिवशी हर की दून बघून त्याच तंबूत परत, म्हणजे चढलो उंच आणि झोपलो खाली. आठवा दिवस राखीव. त्याला कार्यक्रमात काही नाव देऊ नका, रिकामाच ठेवा. लागला तर वापरा, नाही लागला तर ओढ्याकाठी बसा. नववा आणि दहावा दिवस उतरायला, अकरावा डेहराडूनपर्यंत, बाराव्याला घराकडची गाडी. तेराव्या दिवशी बडोदा. दोन शनिवार-रविवार नीट पकडले तर नऊ-दहा दिवसांच्या रजेत हे बसू शकतं. बसत नसेल तर आणखी छोटी वाट निवडा, पण राखीव दिवस कापू नका.

हम्प्टाच करायचा असा घरच्यांचा आग्रह असेल, तर सप्टेंबरमध्ये जा. खिंडीपलीकडे लाहौल आहे, तिथे पाऊस कमीच पोचतो आणि सप्टेंबरात आकाश धुऊन निघालेलं असतं. मनालीत एक पूर्ण दिवस आणि वर सेठण गावात, साधारण 2700 मीटरवर, एक रात्र काढून मग चढायला लागा.

संस्था निवडताना मी पैशांकडे शेवटी बघते. आधी फोन करून विचारते: गटाचा मुख्य नेता कोण, त्याने उत्तरकाशी, मनाली, दार्जिलिंग किंवा पहलगामच्या संस्थेतून कोणता अभ्यासक्रम केला आहे, डोंगरातल्या प्रथमोपचाराचं वेगळं शिक्षण घेतलं आहे का, आणि या वाटेवर तो शेवटचा कधी गेला होता. नाव देता येत नाही, "कुणीतरी अनुभवी असेलच" असं उत्तर आलं, तर मी फोन ठेवते. मग विचारते, ऑक्सिजनचा सिलिंडर कुठल्या मुक्कामापर्यंत नेता? रेग्युलेटर आणि मास्कसह खरा सिलिंडर हवा. दुकानात मिळणारा फवाऱ्याचा हलका डबा काही मिनिटांत संपतो, त्याच्यावर भरवसा ठेवू नका. एका नेत्यामागे किती माणसं? कुणी आजारी पडला तर त्याच्याबरोबर खाली कोण जाणार, आणि त्यानंतर गटाजवळ नेता उरतो का? वीस जणांमागे एक नेता आणि एक मदतनीस असेल, तर पहिलाच आजारी माणूस उतरला की बाकीचे एकोणीस अर्ध्या आधारावर राहतात.

यापुढचा प्रश्न फार कमी लोक विचारतात: "परत फिरायचा निर्णय कुणाचा, आणि परत फिरलो तर पैशांचं काय?" मला हवं असलेलं उत्तर असं: निर्णय जागेवरच्या नेत्याचा, कार्यालयातून कुणी फोन करून बदलणार नाही. ज्या नेत्याला खिंड गाठली नाही म्हणून वर बोलणी खावी लागतात, तो तुम्हाला परत फिरवणार नाही.

जून 2024 मध्ये उत्तराखंडातल्या सहस्रतालच्या वाटेवर 22 जणांचा गट वादळात सापडला आणि नऊ जण गेले. ती माणसं अनुभवी होती, बरोबर वाटाडेही होते. ऑक्टोबर 2021 मध्ये हर्षिलहून चितकुलकडे जाणाऱ्या लमखागा खिंडीच्या वाटेवरही अवेळी हिमवर्षावाने माणसं नेली. मी नेताना प्रत्येक गटाला या दोन्ही घटना सांगते. भिजलेलं अंग आणि वारा एकत्र आले की उंचीच्या आधी थंडी मारते, आणि उन्हाळ्यातसुद्धा मारते. म्हणून चालायला पहाटे लागायचं, दुपारी ढग चढायच्या आत उघड्या माथ्यावरून उतरून यायचं, आणि कपड्यांचा एक कोरडा जोड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून सॅकच्या तळाशी असा ठेवायचा की तो फक्त तंबूत निघेल. कितीही मोह झाला तरी तो जोड वाटेत घालायचा नाही.

ताई, हमालांचंही विचारा. तंबू, धान्य, गॅस वाहणाऱ्या माणसांचा विमा आहे का, त्यांना बूट आणि बर्फात लागणारा काळा चष्मा दिला आहे का, त्यांना झोपायला वेगळा तंबू आहे की स्वयंपाकाच्या तंबूत दाटीवाटीने झोपतात. ज्या संस्थेला आपल्या माणसांची काळजी आहे, ती तुमचीही घेते, असा माझा अनुभव आहे. आणि कुणी बुग्याळांवर, म्हणजे त्या उंच गवताळ कुरणांवर, तंबू टाकून रूपकुंडचा ट्रेक करून देतो म्हणाला तर सावध व्हा. ऑगस्ट 2018 मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने बुग्याळांवरचा रात्रीचा मुक्काम बंद केला आहे. ती कुरणं आमच्या डोळ्यांदेखत तुडवली गेली होती, त्यामुळे तो निकाल वाचून मला बरंच वाटलं.

आता तयारी. बडोद्यात चढ नाही ही आपली अडचण, पण आपल्याला पावागड आहे, आणि यासाठी पावागडासारखी जागा नाही. जाण्याच्या चार महिने आधी सुरुवात करा. पहिले पाच-सहा आठवडे कमाटीबागेत रोज पहाटे पाऊण तास भरभर चाला, इतकं की बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही. त्याच्या जोडीला जिने. तुमच्या इमारतीला चार मजले असतील तर सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या भरून वर जा, ते पाणी गच्चीतल्या कुंड्यांना घाला आणि रिकाम्या सॅकने खाली या. गुडघे वाचतात, झाडंही जगतात. मग दर रविवारी पावागड. माचीपर्यंत गाडीने नको, खालून चांपानेरपासून चालत, पाठीवर सात किलो. पहाटे निघा, कारण एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे ऊन चाळिशीच्या पुढे असतं आणि पायऱ्या तव्यासारख्या तापतात.

आणि उतरताना रोपवे घ्यायचा नाही. सगळे चढण्याचा सराव करतात, पण हिमालयात माणसं रडतात ती उतरताना. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच भार झेलतात, त्याची सवय नसेल तर दुसऱ्या दिवशी बसून उठता येत नाही. दर वर्षी मला कुणीतरी सांगतं, "आम्ही नऊ रात्री गरबा खेळतो, दम आहे आमच्यात." दम असतोच. गरब्याने श्वास आणि पोटऱ्या तयार होतात, पण हजार मीटर उताराची सवय त्याने होत नाही. शेवटच्या महिन्यात एकदा शनिवार-रविवार लागोपाठ दोन्ही दिवस पावागड करा. दुसऱ्या दिवशी पाय कसे चालतात, त्यावरून तुम्ही कुठे आहात ते कळेल. पाचही जण बरोबर जा. कोण पुढे पळतं, कोण मागे राहून गप्प होतं, कुणाला थकल्यावर राग येतो, हे तिथेच कळतं.

एवढं करूनही उंचीची सवय बडोद्यात लागत नाही, हे डोक्यात पक्कं ठेवा. पावागडाने पाय आणि छाती तयार होते. उंचीची सवय तिथे जाऊन, दिवस घालवूनच होते.

यजमानांच्या रक्तदाबाबद्दल. दाब गोळीने आटोक्यात असेल तर बहुतेक वेळा जाता येतं, मी अशा अनेकांना नेलं आहे. पण ट्रेक ठरवायच्या आधी डॉक्टरांकडे जा, निघायच्या आदल्या आठवड्यात नको. त्यांना उंचीचे आकडे लिहून दाखवा आणि तीन गोष्टी विचारा: पन्नाशीनंतर चढावर छातीवर ताण येतो का हे बघायला ट्रेडमिलची तपासणी करावी का, चालू असलेल्या गोळीत लघवी वाढवणारं औषध आहे का, कारण तिथे पाणी आधीच कमी होतं, आणि डायमॉक्स चालेल का. डायमॉक्स म्हणजे अॅसिटाझोलमाइड. उंचीची सवय लवकर लागायला ते मदत करतं, त्रास झाकून ठेवत नाही. पण सल्फा औषधांची अॅलर्जी असेल तर डॉक्टरांना आधी सांगायलाच हवं. शिवाय त्याने बोटांना मुंग्या येतात आणि लघवीला वरचेवर जावं लागतं, म्हणून डॉक्टरांनी लिहून दिलं तर एक-दोन दिवस घरी घेऊन बघा. वर जाऊन पहिल्यांदा मुंग्या आल्या की माणूस घाबरतो. झोपेची गोळी आणि दारू, दोन्ही तिथे बंद. त्यांनी रात्री श्वास आणखी मंदावतो. रक्तदाबाची गोळी दोन वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवा, एक यजमानांच्या खिशात आणि एक तुमच्याजवळ.

बोटाला लावायचं ऑक्सिमीटर घेऊन जा, पण त्याच्या आकड्याशी भांडू नका. गार बोटावर तो काहीही दाखवतो, नखांवर रंग असला तरी. हात गरम करून, बसून, दोन मिनिटांनी मोजा. आकडा चांगला आणि माणूस आजारी दिसत असेल, तर माणसावर विश्वास ठेवा.

सामानाचं लांबवत नाही. बूट दोन महिने आधी घ्या, अर्धा नंबर मोठे, आणि पावागडावर तेच घाला. सुती कपडे आणि जीन्स नकोत, भिजले की वाळत नाहीत. लोकरीचं काही आणायचं असेल तर थंडीतच घेऊन ठेवा, मेमध्ये बडोद्यात स्वेटर शोधणं जड जातं. प्रत्येकाची स्वतंत्र डोक्याला लावायची टॉर्च. मुलीला आणि तुम्हाला पाळीच्या तारखेची चिंता असेल तर चालायला काही हरकत नसते, प्रवासाच्या दगदगीने ती पुढे-मागेही होते. सामान जवळ ठेवा आणि वापरलेलं सगळं बंद पिशवीत खाली परत आणा, तिथे पुरू नका.

खाण्याचं मात्र मनावर घ्या. वर गेलं की भूक मरते, आणि तिथे पोटात जाईल असंच न्यायला हवं. थेपले तीन-चार दिवस टिकतात, सुखडी त्याहून जास्त. घरचं मेतकूट आणि लिंबाचं लोणचं छोट्या डब्यात घ्या. स्वयंपाक्याला मऊ भात करायला सांगा आणि त्यावर मेतकूट-तूप घालून द्या. ज्याला दुसरं काही जात नाही त्यालाही ते जातं, हे मी कितीदा पाहिलं आहे. पाणी दिवसभर थोडं-थोडं. लघवी स्वच्छ आणि नेहमीपेक्षा जास्त होते आहे ना, एवढं पाहिलं की पुरे.

विमा घेताना एकच ओळ शोधा: किती मीटर उंचीपर्यंत ट्रेकिंगचा खर्च देणार. नेहमीच्या आरोग्य विम्यात हे बहुधा नसतं. हेलिकॉप्टर बोलावलं की येतं अशा समजुतीत राहू नका. आपल्याकडच्या बहुतेक वाटांवर पहिली मदत म्हणजे तुमच्या गटातली माणसं आणि जवळच्या गावातले लोक, मग राज्य आपत्ती दल. परदेशातून आणलेला सॅटेलाइट फोन नेऊ नका, परवानगीशिवाय तो भारतात बेकायदा आहे. संस्थेकडे वॉकीटॉकी आहे का ते विचारा, आणि फोन शेवटचा कुठल्या गावात लागतो तेही. त्या गावातून घरी सांगून ठेवा, "अमुक दिवसापर्यंत फोन येणार नाही," म्हणजे इथे आजी-आजोबा रात्रभर जागे राहणार नाहीत.

शेवटचं काम घरीच करायचं आहे, जेवणाच्या टेबलावर, तिकिटं काढायच्या आधी. पाच जणांच्या जोड्या ठरवा: कुणाला उतरावं लागलं तर त्याच्याबरोबर कोण उतरणार. आजारी माणसाला एकटं, नुसत्या हमालाबरोबर, कधीही खाली पाठवायचं नाही, आणि आजारी माणसाला तंबूत ठेवून बाकीच्यांनी वर जायचं नाही. यजमानांबरोबर तुम्ही उतरणार असाल तर मुलगी काका-काकूंबरोबर पुढे जाईल का, हे तिच्यासमोर बोला आणि तिलाही विचारा. तिला त्रास झाला तर कोण उतरणार, तेही. सतरा वर्षांची मुलगी आईबाबांचा ट्रेक बिघडू नये म्हणून सगळ्यात जास्त लपवते. तिला हे आत्ताच, तिच्याकडे बघून सांगा की डोकं दुखलं तर तू आधी बोलायचंस, आणि तू बोललीस की आम्ही दोघं त्याच क्षणी तुझ्याबरोबर खाली येणार.

जोड्या ठरल्या की कागदावर लिहा आणि तो कागद संस्थेच्या नेत्याला पहिल्या संध्याकाळी सांक्रीत द्या.